ओपनडब्ल्यूआरटी राऊटरवर व्हीपीएन अडलंय? पॅकेट कुठपर्यंत पोचतंय ते असं शोधा

राऊटरच्या पानावर वायरगार्डचा (ही व्हीपीएनची एक पद्धत) इंटरफेस सुरू दिसतोय, 'अपटाइम'चा आकडा पुढे सरकतोय, आणि फोनवर मात्र एकही साइट उघडत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर टाकायचं, लिनक्सवर आधारित मोफत फर्मवेअर) पहिल्यांदाच टाकलेले पुष्कळ जण इथे येऊन अडकतात. मग खटाटोप सुरू होतो: किल्ल्या पुन्हा चिकटवा, फायरवॉल बदला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदला, शेवटी राऊटर रीसेट करा. तासाभराने मूळ बिघाड कोणता आणि आपण नंतर घातलेला कोणता, हेच कळेनासं होतं.

त्यापेक्षा एकच प्रश्न धरून चालायचं: पॅकेट कुठपर्यंत पोचतंय? आधी साधं इंटरनेट, मग घड्याळ, मग हँडशेक (राऊटर आणि व्हीपीएन सर्व्हरची पहिली ओळख), मग राऊटरवरून पलीकडे, मग फोनवरून पलीकडे, मग साइटची नावं, मग मोठी पॅकेट्स. ज्या टप्प्यावर उत्तर 'नाही' येईल तिथेच थांबायचं. तो टप्पा सुटेपर्यंत पुढचं काहीही तपासून हाती काही लागत नाही.

मी इथे ओपनडब्ल्यूआरटी आणि वायरगार्ड धरून लिहितोय. नव्या माणसाने सुरुवात वायरगार्डनेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे: सेटिंग्ज कमी, चुकायच्या जागा कमी, आणि २०२० पासून ते लिनक्स कर्नलचाच भाग आहे. ओपनव्हीपीएनबद्दल शेवटी वेगळं लिहिलंय. डीडी-डब्ल्यूआरटी, फ्रेशटोमॅटो किंवा असुसडब्ल्यूआरटी-मर्लिन वापरत असाल तर मेनू वेगळे दिसतील, तपासायचा क्रम मात्र हाच.

हात लावण्याआधी

सिस्टिम मेनूतल्या 'बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर' पानावर जाऊन सेटिंग्जची फाइल उतरवून घ्या. लॅपटॉप राऊटरला केबलने जोडा, कारण मध्येच वायफाय गेलं तर दोष टनेलचा (राऊटर ते व्हीपीएन सर्व्हर या बंद वाटेचा) की वायफायचा हे सांगता येत नाही. मोबाइल डेटा हाताशी ठेवा. आणि एक कागद घ्या. प्रत्येक बदल त्यावर लिहायचा, एका वेळी एकच बदल करायचा, उपयोग झाला नाही तर तो परत फिरवायचा आणि मगच पुढे जायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथेच.

फर्मवेअर नुकतंच अपग्रेड केलं असेल तर आधी 'नेटवर्क → इंटरफेसेस' पाहा. व्हीपीएनच्या इंटरफेसखाली 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल टाइप' असं लिहिलेलं दिसलं, तर बिघाड तिथेच सापडला. साध्या अपग्रेडमध्ये सेटिंग्ज टिकतात, पण आपण वरून टाकलेली पॅकेजेस टिकत नाहीत. 'सिस्टिम → सॉफ्टवेअर'मधून लूसी-प्रोटो-वायरगार्ड पुन्हा टाका, राऊटर एकदा रीबूट करा. किल्ल्या, पत्ते वगैरे जसेच्या तसे सापडतील.

पहिला टप्पा: व्हीपीएनशिवाय नेट चालतंय का?

इंटरफेसेसच्या पानावर व्हीपीएनच्या इंटरफेससमोरचं 'स्टॉप' बटण दाबा. मग 'नेटवर्क → डायग्नॉस्टिक्स'मध्ये १.१.१.१ ला पिंग करा (म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघा). उत्तर आलं नाही तर वॅन (इंटरनेटकडच्या बाजूचा) इंटरफेस रीस्टार्ट करून पुन्हा बघा. टनेल बंद केल्यावर मूळ डीफॉल्ट रूट (बाहेर जायचा नेहमीचा रस्ता) कधीकधी परत येत नाही. तरीही उत्तर नसेल तर व्हीपीएनला दोष देऊ नका, आधी साधी जोडणी दुरुस्त करा.

इथेच आणखी एक गोष्ट नजरेखालून घाला. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःच्या लॅनला (घरातल्या नेटवर्कला) १९२.१६८.१.१ हा पत्ता देतं. मोडेमही १९२.१६८.१ मध्येच असेल, किंवा ज्या नेटवर्कशी जोडायचंय तेही त्याच पट्ट्यात असेल, तर राऊटरला दोन दिशांना एकच पत्ता दिसतो आणि पॅकेट्स भलतीकडे जातात. लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.७७.१ असा काहीतरी कमी वापरातला ठेवा. हे काम आजच करा. नंतर पाच उपकरणांना ठरावीक पत्ते दिल्यावर ते जड जातं.

दुसरा टप्पा: घड्याळ

या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण इथला बिघाड काहीही न बोलता होतो.

बहुतेक घरगुती राऊटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की वेळही जाते. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची तारीख घेतं आणि तीच आजची वेळ धरतं. म्हणजे शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वी केला असेल, तर राऊटर तीन आठवडे मागे जागा होतो. पुढे इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरकडून खरी वेळ मिळाली की तो सावरतो.

आता वायरगार्डकडे बघा. हँडशेकच्या पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते. कुणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर त्या किल्लीकडून आलेली सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो, आणि तिच्याहून जुनी वेळ असलेला संदेश टाकून देतो. ना तक्रार, ना निरोप. राऊटर मागे गेलाय हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने तो संदेश शिळा.

सगळी वाहतूक टनेलमधून पाठवायची ठरवली असेल तर गाठ आणखी घट्ट बसते. वेळ विचारायला राऊटर बाहेर जातो, पण बाहेरचा रस्ता टनेलमधून. टनेल उठत नाही कारण वेळ चुकलेली. वेळ सुधारत नाही कारण टनेल उठत नाही. माझ्याकडे एकदा वीज जाऊन आल्यावर अगदी हेच झालं. मी दोन तास किल्ल्या तपासत बसलो होतो, आणि त्या बरोबरच होत्या. शेवटी सिस्टिम लॉग उघडला तेव्हा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मागच्या महिन्याची तारीख दिसली. तेव्हापासून लॉग उघडला की मी मजकुराआधी तारीख वाचतो.

तपासायला सोपं आहे. 'सिस्टिम → सिस्टिम' पानावर राऊटरची वेळ दिसते. चुकली असेल तर तिथलंच 'सिंक विथ ब्राउझर' बटण दाबा, लॅपटॉपची वेळ राऊटरला मिळते. मग व्हीपीएनचा इंटरफेस रीस्टार्ट करा. एवढ्याने टनेल उठलं तर कारण सापडलं. कायमच्या उपायासाठी टाइम सर्व्हर नावाऐवजी आयपी पत्त्याने द्या, आणि 'नेटवर्क → राउटिंग'मध्ये त्या एका पत्त्यापुरता वॅनमधून जाणारा स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेला रस्ता) घाला. वेळ विचारण्यापुरता टनेलबाहेरचा रस्ता मोकळा राहतो.

तिसरा टप्पा: हँडशेक झाला का?

वायरगार्डचा इंटरफेस 'सुरू' दिसण्याचा आणि पलीकडे कुणी उत्तर देण्याचा काहीही संबंध नाही. चुकीची किल्ली टाकली तरी इंटरफेस सुरूच दिसतो. खरी खूण 'स्टेटस → वायरगार्ड' पानावर असते: 'लेटेस्ट हँडशेक' आणि त्याखालचे आलेल्या-गेलेल्या बाइट्सचे आकडे.

हे आकडे नीट वाचायला शिका. हँडशेकचा पहिला संदेश बरोबर १४८ बाइट्सचा असतो. उत्तर आलं नाही तर वायरगार्ड साधारण दर ५ सेकंदांनी तो पुन्हा पाठवतं. म्हणून पाठवलेले बाइट्स १४८, २९६, ४४४ असे चढत जात असतील आणि आलेले शून्यावरच असतील, तर राऊटर दार ठोठावतोय आणि पलीकडून कुणी उघडत नाहीये. सर्व्हरचं उत्तर ९२ बाइट्सचं असतं. त्यामुळे ९२ आलेले आणि १८० पाठवलेले दिसले तर हँडशेक झाला: १४८ चा संदेश आणि त्यामागून ३२ चा रिकामा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश).

शून्यच असेल तर या क्रमाने बघा. सर्वांत आधी किल्ल्या. प्रत्येक किल्ली ४४ अक्षरांची असते आणि शेवटी बरोबरचं चिन्ह (=) असतं. कॉपी करताना तेच चिन्ह हमखास सुटतं. 'पीअर'मध्ये (पलीकडच्या टोकाच्या नोंदीत) सर्व्हरची पब्लिक की हवी, तुमची नव्हे. तुमच्या प्रायव्हेट कीपासून बनलेली पब्लिक की सर्व्हरकडे नोंदलेली हवी. प्रीशेअर्ड की (आधीच वाटून घेतलेली जादा गुप्त किल्ली) एका बाजूला असेल तर दोन्ही बाजूंना, आणि तीच हवी. मग सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट. वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट ५१८२०, पण प्रत्येक सेवा तेच वापरते असं नाही. आणि ते यूडीपी असतं (पॅकेट पाठवायच्या दोन नेहमीच्या पद्धतींपैकी एक, दुसरी टीसीपी). सर्व्हरच्या बाजूला चुकून टीसीपी उघडलं असेल तर काहीच होणार नाही.

किल्ल्या, पत्ता, पोर्ट सगळं बरोबर असेल तर तीच सेटिंग्ज फोनवर टाका, राऊटरवरचा इंटरफेस बंद करा आणि मोबाइल डेटावर जोडून पाहा. फोन जोडला गेला तर सेटिंग्ज बरोबर आहेत. अडथळा राऊटरमध्ये किंवा त्या नेट जोडणीत आहे. मग फोन त्याच घरच्या वायफायवर आणून पुन्हा जोडा. तिथे जोडला गेला नाही तर जोडणीच यूडीपी अडवतेय. या एका प्रयोगाने निम्मे तर्क गळून पडतात.

प्रयोग झाला की फोनवरची सेटिंग्ज मात्र पुसून टाका. एकच प्रायव्हेट की दोन उपकरणांवर एकाच वेळी चालू राहिली, तर सर्व्हर जो शेवटी बोलला त्याच्याकडे पॅकेट्स वळवतो. मग दोन्हीकडे नेट थोडा वेळ चालतं, थोडा वेळ थांबतं. अशा येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडामागे मी आधी हेच कारण शोधतो.

सर्व्हर तुमच्याच घरी असेल आणि तुम्ही बाहेरून जोडत असाल, तर घरच्या राऊटरच्या वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे आहात, म्हणजे पुरवठादाराने अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटलाय. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. इंटरनेट पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागा, नाहीतर आयपीव्ही६ वापरा.

चौथा टप्पा: राऊटरवरून पलीकडे

हँडशेक होतोय. आता पुन्हा डायग्नॉस्टिक्समधून १.१.१.१ ला पिंग करा आणि तिथलाच ट्रेसरूट (पॅकेटच्या वाटेतले थांबे दाखवणारी चाचणी) चालवा. पहिली पायरी टनेलच्या पलीकडची दिसायला हवी. जुनाच रस्ता दिसत असेल तर पीअरमध्ये 'अलाउड आयपीज' बघा: सगळी वाहतूक पाठवायची असेल तर ०.०.०.०/० हवं. आणि त्याच पानावर 'रूट अलाउड आयपीज' हा चौकोन टिक केलेला हवा. नुसता पत्ता लिहून टिक विसरली तर वायरगार्ड परवानगी देतं, पण राऊटर त्या रस्त्याने काहीच पाठवत नाही. 'स्टेटस → राउटिंग'मध्ये डीफॉल्ट रूटची ओळ कोणत्या इंटरफेसवर आहे तेही पाहून घ्या.

पाचवा टप्पा: फोनवरून पलीकडे

राऊटरवरून पिंग जातंय, फोनवरून जात नाही. याचा अर्थ जवळजवळ नेहमी फायरवॉल असतो.

फोनचा पत्ता समजा १९२.१६८.७७.२० आहे. सर्व्हरला मात्र तुमचा टनेलमधला एकच पत्ता ठाऊक आहे, समजा १०.८.०.२. फोनचं पॅकेट राऊटरने जसंच्या तसं टनेलमध्ये ढकललं, तर सर्व्हर म्हणतो, या किल्लीच्या माणसाला १९२.१६८.७७.२० हा पत्ता मी दिलेलाच नाही. आणि पॅकेट टाकून देतो. म्हणून राऊटरने बाहेर पाठवताना पत्ता बदलायला हवा. हेच मास्करेडिंग.

झटपट तपासणीसाठी 'नेटवर्क → फायरवॉल'मध्ये व्हीपीएनचा इंटरफेस तात्पुरता वॅन झोनमध्ये (एकच नियम लागू होणाऱ्या इंटरफेसच्या गटात) टाका. तिथे मास्करेडिंग आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट वाटेत मावेल एवढंच ठेवणं) आधीपासून चालू असतं, आणि लॅनकडून तिकडे जायला परवानगीही असते. फोन चालू लागला तर दोष झोनमध्येच होता. आता वेगळा झोन करा: इनपुट रिजेक्ट, आउटपुट अॅक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, मास्करेडिंग आणि एमएसएस क्लॅम्पिंग टिक, आणि लॅनकडून या झोनकडे फॉरवर्डिंग. वेगळ्या झोनसाठी माझा आग्रह आहे. कारण मग लॅन ते वॅन ही परवानगी काढून टाकता येते, आणि टनेल पडलं तर घरातली उपकरणं उघड्या नेटवर जाण्याऐवजी जागीच थांबतात. ज्यांनी व्हीपीएन सुरक्षेसाठी घेतलंय त्यांनी ही पायरी गाळू नये.

सहावा टप्पा: नावं

फोनवरून १.१.१.१ ला पिंग जातं, पण साइट नावाने उघडत नाही: हा डीएनएस. वॅन इंटरफेसच्या 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये पुरवठादाराने दिलेले डीएनएस वापरायचे की नाही हा चौकोन असतो. तो काढून व्हीपीएनवाल्यांचा डीएनएस घालायचा, असं पुष्कळदा सुचवलं जातं. पण जपून. तो डीएनएस सर्व्हर टनेलच्या आत असेल आणि व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता तुम्ही नावाने लिहिला असेल, तर नाव सोडवायला टनेल लागतं आणि टनेल उठायला नाव सुटावं लागतं. सर्व्हरचा पत्ता आकड्यात लिहा, गाठ सुटते.

सर्व्हरचा पत्ता बदलता असेल तर आकडा चालत नाही, नावच लागतं. तिथे लक्षात ठेवा की वायरगार्ड ते नाव इंटरफेस सुरू होताना एकदाच विचारतं. पत्ता मध्येच बदलला तर ते जुन्याच दारावर ठोठावत राहतं. वायरगार्ड-टूल्स पॅकेजसोबत वॉचडॉगची, म्हणजे जोडणीवर नजर ठेवून नाव पुन्हा विचारणारी, एक स्क्रिप्ट येते. 'सिस्टिम → शेड्यूल्ड टास्क्स'मध्ये ती दर मिनिटाला लावा आणि पीअरमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा.

ऑफिसच्या नेटवर्कला जोडलंय, बाहेरच्या साइट्स उघडतात, फक्त ऑफिसच्या आतली नावं सुटत नाहीत? सिस्टिम लॉगमध्ये 'पॉसिबल डीएनएस-रीबाइंड अटॅक डिटेक्टेड' अशी ओळ शोधा. बाहेरच्या डीएनएसकडून खासगी पत्ता आला की डीएनएसमास्क (राऊटरमधली नावं सोडवणारी सेवा) तो संशयाने टाकून देतं. हे संरक्षण पूर्ण बंद करू नका. 'नेटवर्क → डीएचसीपी अँड डीएनएस'मध्ये फक्त त्या डोमेनला सूट द्या.

सातवा टप्पा: मोठी पॅकेट्स

पिंग छान, नावं सुटतात, काही साइट्स लगेच उघडतात, काही अर्ध्यावर थांबतात, एसएसएच (दूरच्या संगणकावर आज्ञा चालवायची जोडणी) जोडलं जातं आणि पहिल्या मोठ्या यादीला गोठतं. हे लक्षण दिसलं की एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार.

साध्या जोडणीत एक पॅकेट १५०० बाइट्सचं असतं. वायरगार्डचं वेष्टन आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट्स खातं, म्हणून त्याचा नेहमीचा एमटीयू १४२०. पण तुमची जोडणी पीपीपीओईची (पुरवठादाराचं नाव-पासवर्ड टाकून जोडायची) असेल तर १५०० चे आधीच १४९२ झालेले असतात, आणि सुरक्षित आकडा १४१२ होतो. मोबाइल नेटवर तो आणखी खाली जाऊ शकतो.

इंटरफेसच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये एमटीयू सरळ १२८० करा. अडलेल्या साइट्स उघडल्या तर निदान पक्कं. आता अचूक आकडा शोधा: लॅपटॉपवरून 'तुकडे करू नका' हा पर्याय लावून पिंग करा. विंडोजवर त्यासाठी हायफन एफ, आणि आकारासाठी हायफन एल; लिनक्सवर हायफन एम डू, आणि आकारासाठी हायफन एस. टनेलचा एमटीयू पुन्हा १४२० करून १३९२ आकाराने सुरुवात करा, कारण पिंग स्वतःचे २८ बाइट्स वर घालतं. उत्तर येईपर्यंत १० ने कमी करत जा. ज्या आकाराला उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू.

ओपनव्हीपीएन असेल तर

इथे सुख एवढंच की ते बोलतं. 'स्टेटस → सिस्टिम लॉग' उघडा. 'टीएलएस की निगोशिएशन फेल्ड टू ऑकर विदिन ६० सेकंड्स' म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलातच नाही: पत्ता, पोर्ट (नेहमीचं ११९४), यूडीपी की टीसीपी हे बघा. 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' म्हणजे पुन्हा घड्याळ. 'ऑथ फेल्ड' म्हणजे नाव किंवा पासवर्ड; पासवर्डच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत पासवर्ड, आणि सेटिंगमध्ये त्या फाइलचा पूर्ण मार्ग हवा. 'इनिशिअलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड' दिसलं आणि तरी नेट नाही, तर चौथ्या टप्प्यापासून पुढे या. वेग फार कमी वाटत असेल तर तो बिघाड असेलच असं नाही. ओपनव्हीपीएन बहुधा कर्नलबाहेर, प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं. जुन्या राऊटरचा प्रोसेसर तिथेच दमतो. त्याच राऊटरवर वायरगार्ड सहसा बरंच जास्त वेगाने चालतं.

चालू झाल्यावर

फोनवर पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडा आणि आयपीव्ही४ सोबत आयपीव्ही६ ही बघा. टनेल फक्त आयपीव्ही४ चं असेल आणि पुरवठादार आयपीव्ही६ देत असेल, तर आयपीव्ही६ ची वाहतूक टनेलला वळसा घालून बाहेर जात असते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अशा वेळी वॅन६ इंटरफेस बंद करा आणि त्याचा 'ब्रिंग अप ऑन बूट' चौकोनही काढा.

मग राऊटरचा प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. काहीही न दाबता टनेल आपोआप उठलं, हँडशेक झाला आणि लॉगवर आजची तारीख दिसली, की नवा बॅकअप उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला.